मशीनची चप्पल

शहाद्यात आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी वॉशिंग मशीन पाहायला गेलात, तर शेजारी एक चप्पलजोड दिसायचाच. निळ्या पट्ट्यांचा, रबरी, आणि बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या पुरुषाने टाकून दिलेला. त्याला सगळे ‘मशीनची चप्पल’ म्हणत. ड्रायर लावायचा तर आधी ती पायात सरकवायची, मग झाकण, मग बटण. का? तर ‘जरासं झिणझिण करतं.’ नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात देवघर दाखवत, गॅस दाखवत आणि मशीनची चप्पल दाखवत. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. मी प्रकाशा गावच्या शाळेत शिकवायला रोज बसने जायची, घरी येऊन धुणं लावायची आणि इमानेइतबारे चप्पल घालायची.

ही चप्पल आमच्या गल्लीतून हद्दपार केली हमीदाबीने.

आमच्याकडे ड्रायर म्हणजे मशीनची ती दुसरी, लहान टाकी. ती कपडे सुकवत बिकवत नाही. गरगर फिरवून पिळते, एवढंच. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या उन्हात कपडे एकदा पिळून निघाले की पुढचं काम सूर्यच करतो, त्यामुळे बायकांचा जीव असतो तो या लहान टाकीवर. मोठी टाकी बंद पडली तर बाई आठवडाभर हाताने धुईल, पण ड्रायर बंद पडला की त्याच दुपारी हमीदाबीला फोन.

हमीदाबीच्या भावाचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. वाइंडिंगचं बरंचसं काम घरातच व्हायचं. बायका चूल आवरून तांब्याच्या तारेचे वेढे घालत बसत. त्यात ही लहानपणापासून मुरलेली. पुढे नवरा गेला, माहेरी परतली, आणि दुकानाची आपोआप वाटणी झाली. भाऊ दुकानात बसे, ही घरोघर जाई. दुपारी घरात बाई एकटी असते, तिला पुरुष मेकॅनिक नको असतो, हे हमीदाबीने बरोबर हेरलं होतं.

अंगाने थोराड, आवाज त्याहून थोराड. आली की आधी बुरखा काढून पहिल्या खिळ्याला अडकवायची. मग साडीच्या दुकानाची एक जुनी जाड पिशवी जमिनीवर ठेवायची. मग बोटातली अंगठी काढून घरातल्या बाईच्या हातात द्यायची. “धर. मूठ उघडू नको. मी मांगसू तव्हय दे.” करंटच्या कामाला अंगावर धातू नको, हे खरंच. पण ती अंगठी जवळच्या फळीवरही ठेवता आली असती. ती बाईच्या मुठीत दिली की बाईला तिथून हलता येत नसे, आणि हमीदाबीला आयता प्रेक्षक मिळे. तिला प्रेक्षक लागायचा. विनय वगैरे प्रकार तिच्या गावीही नव्हता. “शहादाम्हा मन्हासारखी दुसरी दखाडा, मी हाई पिशवी तापीम्हा टाकी दिसू,” असं ती दर घरी एकदा तरी म्हणायची. पिशवी शेवटपर्यंत कोरडी राहिली.

माझी आणि तिची ओळख ड्रायर फिरेना म्हणूनच झाली. मी अंगठी मुठीत धरून उभी. तिने स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पहिला प्रश्न विचारला, “बाई, झटका मारस का?”

“थोडासा मारतो,” मी म्हटलं, “पण चप्पल घातली की नाही मारत.”

तिने स्क्रू ड्रायव्हर परत पिशवीत ठेवला. “मंग ड्रायरले मरू द्या. ड्रायर नही फिरना तं धुनं ओलं ऱ्हाई. हाऊ झटका लागना तं घर सुनं व्हई.”

मग तिने मशीनचा प्लग खोलून माझ्यासमोर धरला. आत तीन वायरी यायला हव्यात, दोनच होत्या. तिसरी, हिरवी, बुडापासून कापलेली. मशीन बसवायला आलेल्या माणसाने ‘तुमच्या बोर्डाला अर्थिंगच नाही, ही वायर कशाला हवी’ असं म्हणून माझ्यादेखत कापली होती, आणि मी त्याला वर चहा पाजला होता. हमीदाबीने हिरव्या वायरीचं ते टोक बोटाने असं कुरवाळलं, की मला त्या वायरीचीच दया आली.

“दखा. लाल करंट लई येस, काया लई जास. हिरवा काही करत नही, चुपचाप बठेल ऱ्हास. पन ज्या दिन लाल बिघडस, त्या दिन हिरवा आडवा पडस. अन् लोके हिरवालेच कापतस!”

मी म्हटलं, इतकी वर्षं चप्पल घालतेय, काही झालं नाही. त्यावर ती नेहमीच्या चढ्या आवाजात बोलली नाही.

“मन्ही माय कूलरम्हा पानी टाके. चप्पल घालीसनच टाके. त्या दिन बी घालेल व्हती. चप्पलले खालथून भोक पडेल व्हतं. तिले मालूम नव्हतं.”

एवढंच. पुन्हा कधी तिने आईचं नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही.

माझा ड्रायर मात्र तिने चुटकीसरशी चालू केला. झाकणाखाली एक स्विच असतो, झाकण बसल्याशिवाय मोटरला वीज जाऊ देत नाही. त्याची वायर उंदराने कुरतडली होती. ती जोडली, टेप गुंडाळली, नवी हिरवी वायर बसवली. पण चालवू देईना. परसात खड्डा, त्यात मीठ, कोळसा आणि लोखंडी पाइप, असं अर्थिंग होईपर्यंत हाताने पिळा म्हणाली. मी कुरकुरले. पुष्कळ बायका कुरकुरत, काही तर भांडत. हमीदाबी ऐकून घ्यायची, पण प्लग पिशवीत घालून घेऊन जायची. प्लगच नाही तर करता काय?

अर्थिंग झाल्यावर ती पुन्हा आली, आणि मी तिची ती प्रसिद्ध परीक्षा पाहिली. मशीनसमोर तांब्याभर पाणी ओतलं. आधी झिरोच्या बल्बला दोन वायरी लावून केलेला तिचा टेस्ट लॅम्प सगळीकडे टेकवून पाहिला. तो पेटला नाही, तेव्हा स्वतःच्या चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली, ड्रायर सुरू केला आणि पत्र्याला हात लावला. उलटा हात. तळहात लावला आणि झटका बसला तर मूठ मशीनलाच आवळून बसते, उलटा लावला तर हात मागे येतो. ड्रायर घुं घुं करत होता आणि ती घोड्याला थोपटावं तसं त्याला थोपटत होती. मग मला म्हणाली, “आते तुम्ही.” मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत उलटा हात लावला. काही झालं नाही. गार पत्रा तेवढा थरथरत होता. इतक्या वर्षांत मी माझ्या मशीनला पहिल्यांदाच न भिता हात लावत होते.

जाताना ती माझी मशीनची चप्पल घेऊन गेली. हीच तिची रीत. दुकानाच्या दाराला लोक लिंबू-मिरची बांधतात, हिच्या भावाच्या दुकानावर दोरीला ओवलेल्या चपला लोंबत. डाव्या, उजव्या, झिजलेल्या, अंगठ्याशी तुटलेल्या. भावाला लाज वाटायची. ती म्हणायची, “हाई मन्हं सर्टिफिकेट शे. तुन्हाकडे शे का?”

एका उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतून तिला बोलावणं आलं, ड्रायरमधून जळका वास येतो म्हणून. मी सोबत गेले, कारण त्या घरचे बटाट्याचे वेफर्स फार नावाजलेले होते. हमीदाबीने ड्रायर उघडला आणि हसायलाच लागली. बाईसाहेबांनी बटाट्याच्या चकत्या उकडून, फडक्यात बांधून ड्रायरमध्ये पिळल्या होत्या! फडकं सुटलं, चकत्या खाली मोटरपर्यंत गेल्या आणि तिथे चिकटून बसल्या. पुढे कळलं की अर्धं शहादा हेच करतं, सांगत कुणी नाही. हमीदाबीने गच्चीवर वाळत घातलेला एक वेफर मोडून तोंडात टाकला. “वेफर चांगला व्हयनात,” तिने निकाल दिला, “पन मोटर भाजाई गयी.”

पण हमीदाबी म्हटलं की मला आठवतं ते पाटलांचं घर. आमच्या अगदी समोर. मुळात ते एकच घर, पुढे दोन भावांत वाटणी होऊन मधोमध भिंत पडली. डावीकडे थोरल्या लीलाबाई, उजवीकडे धाकटी रंजना. दोघी जावा वाटणीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि न बोलणंही असं ठणठणीत की गल्लीला ऐकू जायचं. गच्चीवरची पाण्याची टाकी तेवढी सामायिक राहिली होती, कारण टाकीच्या मधोमध भिंत घालता येत नाही.

लीलाबाईंची वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. आणि तिला मोरीतल्या नळाचा झटका बसला. एकदा नाही, अधूनमधून. दोन मेकॅनिक येऊन गेले. ते आले की नळ गरीब गाय. ते गेले की पुन्हा मारायचा. वर्षा नळाकडे जायला घाबरू लागली, हात धुवायचे तरी आईला हाक मारू लागली. लीलाबाईंनी हमीदाबीला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते.

“हमीदा बहीन, पोरले काही व्हयनं तं मी जावाईले काय तोंड दखाडू?” लीलाबाई रडकुंडीला आल्या होत्या. “पोटम्हातला जीवले काही व्हयनं तं?”

हमीदाबीने अंगठी त्यांच्या हातात दिली. “कव्हय मारस?”

“कव्हय बी.”

“सकायले?”

“नही. दुपारले. जेवन व्हयनं का मंग.”

“तुमनं धुनं कव्हय व्हस?”

“धुनं सकायलेच.”

हमीदाबी थेट बोर्डाकडे गेली. मग तिने घराचा मेन स्विचच बंद केला. पंखे थांबले. परसातल्या ओल्या मातीत एक सळई ठोकली, टेस्ट लॅम्पची एक वायर सळईला बांधली, एक नळाला, आणि बादली पालथी घालून त्यावर बसली. घरात वीज नाही, बल्ब मेलेला. उकाड्याने आमचा जीव जात होता. लीलाबाई मला खुणेने विचारत होत्या, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना?

आणि मग भिंतीपलीकडून घुं घुं आवाज सुरू झाला. रंजनाचा ड्रायर. इकडे लीलाबाईंच्या नळाला बांधलेला बल्ब पेटला. ड्रायर थांबला, बल्ब विझला.

लीलाबाई दोन पावलं मागे सरल्या. हमीदाबीने मात्र मांडीवर थाप मारली. “दखा! तुमना नळ नही मारत. तो ड्रायर मारस!”

तिने समजावलं ते असं. घर एक होतं तेव्हा कुणी तरी हिरवी वायर नळाच्या पाइपला बांधून अर्थिंगचं काम भागवलं होतं. त्या काळी सगळेच तसं करत. लोखंडी पाइप जमिनीत जायचा, तोवर ठीक होतं. मग नुकतीच नळाची लाइन प्लास्टिकची झाली, गंज नाही म्हणून गल्लीने पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले, आणि दोन्ही घरांतला लोखंडी पाइप जमिनीपासून सुटून टाकीला लटकत राहिला. आता रंजनाच्या ड्रायरमधून फुटलेला करंट हिरव्या वायरीतून पाइपमध्ये येत होता, आणि जमिनीत जायला वाट नाही म्हणून वर्षाच्या हाताची वाट बघत होता.

“तिले सांग, बंद कर म्हना,” लीलाबाई हमीदाबीला म्हणाल्या. रंजनाचं नावही घेतलं नाही.

मी हमीदाबीबरोबर रंजनाच्या दारात गेले. रंजना ऐकून उसळलीच. तो ड्रायर तिने शिवणकामातून घेतला होता, त्यावर तिचा फार जीव.

“मन्हा ड्रायर मस्त फिरस! त्यासले मन्हं चांगलं दखावत नही, दुसरं काय!”

हमीदाबीने खाली बोट दाखवलं. मशीनशेजारी निळी चप्पल. “मस्त फिरस तं हाई कसाले?”

रंजना गडबडली. “थोडं झिणझिण करस.”

“कव्हयपासून?”

“पाइप बदलना तव्हयपासून.”

दुसरी कुणी असती तर इथे वाद घालत बसली असती. हमीदाबीने अंगठी रंजनाच्या मुठीत दाबली, लीलाबाईंकडून ती परत घेतलीच होती, आणि तिचं मनगट धरलं. “चाल.” पुढच्या दाराने नाही, परसातून. लीलाबाईंच्या मागच्या उंबऱ्याशी रंजना थबकली. वाटणीनंतर तिने तो ओलांडला नव्हता.

“तुले बोलाले नही लई जाई ऱ्हायनी,” हमीदाबी म्हणाली. “बल्ब दखाले चाल.”

तिने रंजनाला मोरीपाशी उभं केलं. पलीकडे भिंतीला टेकून वर्षा उभी होती, एक हात पोटावर, नळापासून जितकं दूर होता येईल तितकी दूर. मग हमीदाबी रंजनाच्या घरात परत गेली आणि तिने ड्रायर सुरू केला.

बल्ब पेटला. रंजनाने बल्बकडे पाहिलं, मग नळाकडे, मग वर्षाच्या पोटावरच्या त्या हाताकडे. आणि भिंतीवर दोन्ही मुठी आपटत ती ओरडली, “बंद कर! हमीदा बहीन, बंद कर ना वं!”

आजही तो आवाज माझ्या कानात आहे. हमीदाबीच्या हुशारीचं मला कौतुक होतंच. पण रंजनाला दोष न देता, एक शब्द न सुनावता, तिचाच ड्रायर तिच्याच तोंडून बंद करवला, हे पाहून मला हमीदाबीचा असा अभिमान वाटला की आपण हिच्या गावात राहतो याचीच ऐट वाटू लागली.

बिघाड क्षुल्लक निघाला. झाकण उघडताच ड्रायर थांबावा म्हणून ब्रेकची एक तार असते, ती मोटरच्या वायरीला घासून घासून वायरीचं कव्हर सोललं होतं. हमीदाबीने वायर बदलली, तार दूर बांधली. आणि अर्थिंगचा खड्डा सांगितला तो वाटणीच्या भिंतीला लागून. एकच, दोन्ही घरांना. दोन्ही भाऊ रविवारी कुदळी घेऊन उभे राहिले. ‘मीठ कोण आणतंय’ हा त्यांच्यातला कित्येक वर्षांतला पहिला संवाद.

मग परीक्षा. फरशीवर पाणी. आधी टेस्ट लॅम्प, मग हमीदाबी अनवाणी, मग रंजना. मग हमीदाबीने लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाई पदर खोचून रंजनाच्या शेजारी ओल्यात उभ्या राहिल्या आणि दोघींनी एकाच ड्रायरला उलटे हात लावले. काही झालं नाही. मग लीलाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “च्या ठेवू का?” कुणाला विचारलं ते कळायला मार्ग नव्हता.

“माले बिनसाखरना,” रंजना म्हणाली.

वर्षाला मुलगी झाली. न्हाणीत पहिलं पाणी तापवलं ते त्याच नळाचं. आणि रंजनाची निळी चप्पल दुकानावरच्या दोरीत सगळ्यात पुढे लागली.

नंतर माझी बदली नवापूरकडे झाली. गेल्या उन्हाळ्यात शहाद्याला गेले तेव्हा लीलाबाईंकडे उतरले. हमीदाबीने काम सोडलं होतं. साखर वाढली, पायांना संवेदना राहिली नाही. एकदा निखारा चिकटला तरी तिला कळलं नाही, असं सांगितलं. डॉक्टरांनी मऊ तळाची खास चप्पल दिलेली, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही अशी सक्त ताकीद. चपलांची शत्रू ती, तिला आयुष्यभराची चप्पल लागली, असं म्हणून सगळी गल्ली हळहळत हसायची.

रंजनाने नवं मशीन घेतलं होतं. दुकानातला माणूस बसवून, चालवून दाखवून गेला होता. तरी दोन दिवस ते तसंच झाकून ठेवलं होतं. हमीदाबीने पाहिल्याशिवाय लावायचं नाही, असं दोघी जावांचं ठरलं होतं.

ती रिक्षातून आली. बुरखा खिळ्याला अडकवला. अंगठी माहेरी आलेल्या वर्षाच्या हातात दिली. फरशीवर पाणी ओतलं, टेस्ट लॅम्प पिशवीतून काढून सगळीकडे टेकवला. हात जरा हळू चालत होते, पण चुकत नव्हते. मग ती खाली वाकून चपलेचा पट्टा सोडू लागली.

“डॉक्टरनी ना पाडेल शे ना!” रंजना म्हणाली.

“डॉक्टरले सांगू नको,” हमीदाबी म्हणाली. “पायले आते काही समजस नही. पन हातले समजस.”

कुणी अडवलं नाही. तिचे पाय ओल्या फरशीवर घसरू नयेत म्हणून एका बाजूने लीलाबाईंनी दंड धरला, दुसऱ्या बाजूने रंजनाने. दोघीही अनवाणी. ड्रायर सुरू झाला. तिने उलटा हात लावला, डोळे मिटले, आणि तशीच उभी राहिली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

माझी बस होती. मी हळूच निघाले. दोन्ही घरांत मशीनजवळ कुठेही चप्पल नव्हती. एकच जोड होता, मऊ तळाचा, हमीदाबीचा, आणि तो कुणीतरी उचलून दाराबाहेर नीट लावून ठेवला होता.